आचल पानमळ्यात शिरली तेव्हा

सांगतो, पण मधेच हसू नका. कादंबरीकाराची जात मोठी लबाड. आम्ही माणसांच्या घरी चहा पितो, त्यांची सुखदुःखं ऐकतो आणि घरी येऊन ती आपल्या नावावर छापतो. मीही त्यातलाच.

माझी चौथी कादंबरी अंजनगावकडच्या एका पानमळ्यावर होती. पुंजारामजी, त्यांची बायको गोदाबाई आणि बावीस वर्षांचा मुलगा देवानंद, एवढंच ते घर. देवानंद मला स्टँडवरून मोटारसायकलवर न्यायचा. वेल कसा चढवायचा, पान कधी खुडायचं, सगळं तोच सांगायचा. एकदा लाजत म्हणाला, "सर, पुस्तकात माहं नाव राहीन ना?" म्हटलं, राहील की.

आणि मी त्यालाच काढून टाकलं. त्या घरची रीत अशी, की बाईमाणसानं पानमळ्यात पाय ठेवायचा नाही. रीत म्हटली की ती मोडणारं कुणीतरी हवंच. मुलगा वेल बांधतो, यात वाचकाला काय नवल? म्हणून त्याच्या जागी मुलगी आणली. आचल. डाव्या भुवईत पांढऱ्या केसांचा ठिपका, दहावीत गणितात नापास, बापाशी भांडून मळ्यात शिरलेली. काय सांगू, कादंबरी नुसती धावत सुटली. मला जेवणाचीही शुद्ध राहिली नाही.

शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं. वेल बांधायचं गवत भिजवून घेतात की कोरडंच वापरतात, हे विचारायला एप्रिलमधल्या एका दुपारी मी अमरावतीहून एसटीत बसलो. देवानंदला फोन लावला, तर हा क्रमांक अस्तित्वात नाही. पोरानं सिम बदललं असेल म्हणून मी स्टँडवरून चालतच गेलो.

ऊन मी म्हणत होतं. चपला काढून मळ्यात शिरलो आणि एकदम गारवा, हिरवट काळोख, ओल्या मातीचा आणि पानांचा तिखट वास. कुठंतरी पाणी थेंबथेंब गळत होतं. आतल्या ओळीत कुणीतरी पाठमोरं उभं राहून वेल बांधत होतं.

"देवानंद?" मी हाक मारली.

ती वळली. डाव्या भुवईत पांढरा ठिपका होता.

छातीत धडधडलं, पण भीतीनं नाही हो, आनंदानं. तीस वर्षं लिहितोय. टेबलावर रचलेलं माणूस घाम पुसत समोर उभं राहिलेलं कुणी पाहिलंय? मला नाचावंसं वाटत होतं.

"सर, तुमी? गवत भिजवूनच घ्या लागते," ती म्हणाली. "हेच इचाराले आले ना?"

मी अजून काही विचारलंच नव्हतं.

"तू... दहावीत..."

"गनितात उडाली. गावाले माहीत हाये ते."

गावाला माहीत? मी ते गेल्याच मंगळवारी लिहिलं होतं. तिच्या हाताला हात लावून पाहिला. गरम होता, चारचौघांचा असतो तसा.

घरी गोदाबाईंनी चहा ठेवला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "देवानंद कुठं गेला?"

"कोन देवानंद?" पुंजारामजी म्हणाले.

"तुमचा मुलगा."

"आमाले एकच पोरगी, सर. दोन वर्सापासून येऊन राहिले तुमी, अन् आज हे काय इचारता?"

मी भिंतीकडं पाहिलं. देवानंद ज्या फोटोत बैलजोडीशेजारी उभा असायचा, त्या फोटोत आचल उभी होती. तेव्हा कुठं माझ्या अंगावर काटा आला. परतीच्या एसटीत टिपणांची वही उघडली. देवानंदनं सांगितलेलं प्रत्येक वाक्य, माझ्याच अक्षरात, आचलच्या नावावर होतं.

उपाय साधा होता. मुलगी खोडायची, मुलगा परत आणायचा. लाल पेन घेऊन बसलोही. पण तो गरम हात आठवला. दोघांना भाऊबहीण करून पाहिलं, तर मुलगा असलेल्या घरात मुलीला मळ्यात कोण शिरू देणार? कथा बसेना. आणि कादंबरी फार चांगली उतरली होती, हे कशाला लपवू? चार दिवस खटपट केली आणि होती तशीच छापायला दिली. मला त्याची लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

दिवाळीत पुस्तक आलं, लोकांनी डोक्यावर घेतलं. संक्रांतीच्या सुमाराला प्रत द्यायला गेलो. पुंजारामजी आणि आचल मळ्यात होते. गोदाबाईंनी चहा दिला आणि दार हळूच लोटून घेतलं.

"भाऊ, एक इचारू? हासान नाई ना?"

"विचारा की, वहिनी."

"परवा पोट दुखे म्हून दवाखान्यात गेली होती. नर्सबाईनं इचारलं, बाळंतपनं किती? मी म्हनलं, दोन... तोंडातून कसं निंगालं, माहीत नाई. मंग घरी येईपर्यंत रडतच आली. काहून रडून राहिली, तेही समजे ना."

मी कप खाली ठेवला.

"तुमी तं आमचं समदं लिहून घेतलं हाये," त्या अगदी हळू बोलत होत्या. "पाहून सांगा ना... दुसरं कोन होतं?"

नाव माझ्या जिभेवर होतं. "चुकून निघालं असेल, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. हात पोटावर होता.

"चुकून कसं, भाऊ? डॉक्टरीनबाईनं पाह्यलं. ते म्हने, सिझरचे टाके दोनदाचे हायेत."