ऊब वजा जाता

हिमवेधशाळेच्या पायथ्याशी असलेल्या कार्यशाळेत डॉ. इरावती गानू बिनतारी यंत्रासमोर बसली होती असं म्हणणं धाडसाचं होईल. ती दर मिनिटाला उठत होती. वर खिंडीत अडकलेल्या ट्रकमध्ये तिचा नवरा होता, आणि तो ट्रक या दोघांनीच सुधारलेला होता.

ट्रक जुनापुराणा, पेट्रोलवर चालणारा. इथल्या हिवाळ्यात डिझेल गोठतं, पेट्रोल गोठत नाही, म्हणून वेधशाळेने तो जपून ठेवला होता. पण विरळ हवेत खिंड चढताना त्याला धाप लागायची, आणि दुर्बिणीच्या जनित्रासाठी नेलेल्या पेट्रोलपैकी निम्मं तो वाटेतच पिऊन टाकायचा. इरावती उष्णताशास्त्रातली, तर तिचा नवरा शशांक यंत्रनियंत्रणातला. असली गाडी डोळ्यांसमोर असताना ही दोघं स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं.

"शंभर भाग पेट्रोल जाळलं, तर चाकांपर्यंत पंचवीसच पोचतात," इरावतीने तेव्हा फळ्यावर मांडून दाखवलं होतं. "बाकीची उष्णता रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून बाहेर. वाया."

"ती अडवून परत इंजिनालाच दिली तर?"

"ट्रक तोच राहील. ताकद वाढेल आणि पेट्रोल कमी लागेल."

त्यातून त्यांचं उष्माचक्र तयार झालं. रेडिएटरचं गरम पाणी आणि सायलेन्सरचा गरम धूर त्यातून फिरे, आणि त्यांच्यातली उष्णता इंजिनाचा दांडा फिरवायला मदत करी. या सगळ्यावर शशांकचा नियंत्रक बसला. उष्णता वळवणाऱ्या झडपा त्याच्या ताब्यात होत्या, आणि इंजिनावर भार नसेल तर तो पेट्रोलचा जास्तीचा थेंब सोडत नसे. कागदोपत्री त्याचं नाव 'दक्षक' होतं, पण सगळे त्याला चिंगूस म्हणत. ड्रायव्हर लोक नको तिथे हात घालतात, म्हणून शशांकने त्याची पेटी राळ ओतून कायमची बंद केली. चाचण्या पुण्यात झाल्या, भर मे महिन्यात.

आज पहिली खेप होती, माल न भरता; शशांक स्वतः सोबत गेला होता. ड्रायव्हर हणमंत शेडगे साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. निम्म्या चढावरून त्यांनी बिनतारीवर कळवलं होतं, "मॅडम, गाडी घोड्यावानी पळतीय." त्यानंतर पुढे हिमकडा कोसळला, पाठोपाठ मागेही कोसळला आणि वादळ सुरू झालं. बर्फ काढणारी यंत्रं पहाटेशिवाय पोचणार नव्हती.

इरावतीला सुरुवातीला फारशी भीती वाटली नव्हती. टाकी जवळजवळ भरलेली होती आणि इंजिन चालू होतं. इंजिन चालू म्हणजे हीटर चालू, असा तिचा हिशेब. मग शशांकने सांगितलं की हीटरमधून नुसतं गार वारं येतंय. अ‍ॅक्सिलरेटर दाबून पाहिला, पण ट्रक उभा असल्यामुळे चिंगूस दाद देत नाही. बाहेर पेट्रोल पेटवायला गेले, तर वाऱ्यात काडी टिकत नाही.

ती फळ्यासमोर जाऊन उभी राहिली. हीटरची स्वतःची अशी आग नसतेच. रेडिएटरच्या गरम पाण्यावरच तो जगतो. तिनेच ज्याच्यापुढे 'वाया' असं लिहिलं होतं, त्यावर. आणि ती उष्णता चिंगूस आता हीटरपर्यंत पोचूच देत नव्हता. तिच्या मांडणीत उष्णता होती, ऊब कुठेच नव्हती. तिला स्वतःचा संताप आला.

"इरा," यंत्रातून शशांकचा आवाज जडपणे आला. "शेडगे बोलत नाहीयेत. मला आता थंडी वाटत नाहीये. बरं वाटतंय."

गारठलेल्या माणसाला थंडी वाटेनाशी होते ती कधी, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"शशांक, नीट ऐक. चिंगूस फोड."

"काय?"

"पेटी फोड. व्हीलपाना घे आणि घाल तिच्यावर. नियंत्रक मेला की स्प्रिंगने झडपा उघडतात आणि इंजिन जुन्या पद्धतीने पेट्रोल पितं. तूच तशी सोय केलीस."

"पाच वर्षं लागली आहेत, इरा."

"माहीत आहे. फोड."

वाऱ्याच्या आवाजातून अवजारांची खडखड ऐकू आली. मग एक घाव, तो पेटीवरून निसटल्याचा आवाज, पुन्हा घाव. राळ घट्ट होती. आपलं काम पक्कं करायची शशांकची सवय तिला आजवर आवडत आली होती. तिने यंत्राची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली.

शेवटी काहीतरी तडकलं. इंजिन अडखळलं, खोकलं आणि बेसूर आवाजात घरघरू लागलं. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजू देऊ नको आणि काच बोटभर खाली ठेव, असं तिने बजावलं. मग हिशेब केला. या चालीने पेट्रोल पहाटेपर्यंत पुरत होतं, तेही चढावर चिंगूसने वाचवलं होतं म्हणून.

अर्ध्या तासाने शेडग्यांच्या कण्हण्याचा आवाज आला, आणि इरावतीला रडू फुटलं.

"गरम हवा येतेय," शशांक म्हणाला. मग सवयीने कुरकुरला, "पण केवढं वाया जातंय गं."

"जाऊ दे," ती म्हणाली. "जेवढं जाईल तेवढं जाऊ दे."