गंधलोप

डॉ. मुजावरांनी चिमट्याने उचलून गोचीड चंद्राच्या कानामागे सोडली. भिंतीवरून उतरावी तशी ती म्हशीच्या मानेवरून खाली उतरली आणि निघून गेली.

"बघा! समोर एवढी म्हैस, पण हिच्या लेखी काहीच नाही," ते खुशीत म्हणाले.

तनुजाचं लक्ष रेडकाकडे होतं. पहाटे जन्मलेलं ते रेडकू आचळाशी आलं की चंद्रा लाथ झाडत होती.

"सर, गोचिडीचं नाक तिच्या पुढच्या पायांत असतं. पाय उचलून ती जनावराचा वास घेते. आपले गंधलोपी जीवाणू कातडीवर बसून तो वासच खाऊन टाकतात."

"तुम्हीच घडवलेत, आणि मलाच शिकवता?"

"चाटताना ते रेडकावरही गेले असणार. चंद्राला ते आपलं वाटतच नाहीये."

मुजावरांचं हसू मावळलं. "मग आपण पाजू त्याला बाटलीने."

तनुजाला पुढचं ऐकूच आलं नाही. परवापासून तिचा पाच महिन्यांचा निहार छातीशी घेतलं की मान फिरवून किंचाळत होता. बाटलीही थुंकत होता. "दात येत असतील गं," सासूबाई म्हणाल्या होत्या. पण टाळू खोल गेली होती, लंगोट कोरडे राहत होते. आज पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात नळी घालणार होते.

तिने हातमोजा काढून मनगट बशीतल्या दुसऱ्या गोचिडीवर धरलं. ती हलली नाही. मुजावरांनी आपला हात तिच्यावर धरला, तर लगेच तिचे पुढचे दोन्ही पाय वर.

"पण आपण मोजे घालतो की!"

"इथे घालतो. सासूबाई निहारला निरशा दुधात डाळीचं पीठ कालवून लावतात. दूध मीच नेते, आपल्याच गोठ्यातलं. आणि मग तो दिवसभर माझ्या अंगावर."

"अहो, साबणाने..."

"म्हशी दिवसभर डबक्यात डुंबतात, सर. धुऊन जाऊ नयेत असेच घडवलेत मी ते. उतारा शोधायला महिने जातील."

मुजावर चंद्राकडे वळले. "आमच्याकडे रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे ठेवायचे. वास आला की ती पान्हा सोडायची..."

तनुजा बशीतली गोचीड डबीत टाकून घराकडे धावत सुटली.

बाळंतपणातला राखाडी स्वेटर कपाटात तसाच कोंबलेला होता, दुधाच्या डागांसकट, न धुतलेला. तिने डबी जवळ नेली. आतल्या गोचिडीचे दोन्ही पाय वर! स्वेटर घालून तिने निहारला जवळ घेतलं. त्याने स्वेटर हुंगला, तो थबकला आणि घटाघट पिऊ लागला.

"बघ! भूक लागली की पितातच," सासूबाई म्हणाल्या. "उगाच जीव टांगणीला लावतेस."

तनुजा रडत हसली. त्याचं पोट भरल्यावर तिने पुन्हा डबी बाहीशी धरली. गोचिडीचा एक पाय खाली आला होता. तिच्याच अंगावरचे जीवाणू लोकरीत शिरू लागले होते.

तिने घाईघाईने स्वेटर काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि तोंड घट्ट बांधलं.

निहारने भोकाड पसरलं. आईच्या कडेवरून दोन्ही हात पुढे करून तो पिशवीकडे झेपावत होता.