कंपनीचा फिल्टर, दर महिन्याला

सकाळचा उजेड आमच्या नंदनवन वस्तीत घाईने येत नाही. तो आधी समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीवर थांबतो, मग विजेच्या तारांवरून, गच्चीत वाळत घातलेल्या चादरींवरून हळूहळू खाली उतरतो. आणि आमच्या दुकानाचे शटर अर्धे वर गेलेले असले, की वाकून आत यावे तसा फरशीवर पसरतो. त्याला रंग असा नसतो. फिकट, जरा धुळकट, कालच्यासारखाच. टांगलेल्या क्लच-वायरींवरून, ब्रेक-शूंच्या खोक्यांवरून सरकत तो काउंटरपर्यंत पोहोचतो, तेव्हा साडेआठ वाजलेले असतात. त्या उजेडात मी रोज खोकी पुसतो. आश्विनातल्या एका सकाळी तो मध्येच अडला... मी मान वर केली, तर हातात हेल्मेट घेतलेली एक मुलगी दारात उभी होती.

"गाडी ओढूनच नाही राहिली," ती म्हणाली.

ती प्रणाली धकाते. राहणारी उमरेडची. कळमन्याच्या बाजारात एका व्यापाऱ्याकडे संत्र्यांची प्रतवारी पाहण्याचे तिचे काम, आणि त्यासाठी वडिलांच्या जुन्या मोटारसायकलवरून रोजची ये-जा. मी एअर फिल्टर उघडला. कोळशाच्या ट्रकांमागून धावून त्याच्या घड्या काळ्या ठिक्कर पडल्या होत्या.

बदलायचाच तर बाहेरचा लाल कापडी फिल्टर टाका, असे तिचे म्हणणे. तिच्यासोबत काम करणाऱ्या आर्यनने तोच टाकला होता. गाडीचा आवाज भारदस्त झाला होता, पिकअप वाढला होता, आणि तो धुऊन वर्षानुवर्षे वापरता येत होता. मी दोन्ही फिल्टर तिच्यापुढे ठेवले आणि खालमानेनेच सांगितले, की जिथून हवा जास्त जाते तिथून धूळही जास्त जाते. उमरेड रस्त्यासाठी कंपनीचा कागदीच बरा.

तिने वाद घातला नाही. कापडी फिल्टर उचलला, उजेडासमोर धरला आणि एक डोळा मिटून बराच वेळ पाहत राहिली. तिच्या घरी हातमाग होता. वडील, चंपतराव, अजूनही त्यावर बसत.

"वीण विरळ आहे," ती म्हणाली. "बाबा असं कापड मागावरून उतरूच नाही देत. कागदाचाच द्या."

कुणाच्या शब्दावर न विसंबता वस्तू उजेडात धरून पाहण्याची ती रीत मला आवडली. त्याहून अधिक काही घडले, असे मी तेव्हा मान्य केले नसते. कोळशाची धूळ वाईट, तेव्हा महिन्यातून एकदा दाखवून जा, एवढेच मी म्हणालो.

"दर महिन्याले? बाळंतिणीलेबी एवढं नाही बोलावत डॉक्टर."

"आलेलं बरं राहते," मी म्हणालो, आणि घाईने जोडले— "गाडीले."

ती हसली. आणि येत राहिली.

दर महिन्याचा पहिला शनिवार. मी फिल्टर काढत असे, काउंटरवर हलकेच आपटत असे, आतल्या बाजूने हवा मारत असे आणि गंभीर चेहऱ्याने म्हणत असे, बरे झाले आलात. संक्रांतीच्या सुमारास तो एकदा बदललाही. ती पिशवीतून एखादे संत्रे काढून माझ्या तळहातावर ठेवायची. गोड फळ रंगावरून नव्हे, वजनावरून ओळखायचे, हे मला तिने शिकवले. तुम्ही गिऱ्हाइकाशी कमी आणि फिल्टरशी जास्त बोलता, असे ती चिडवायची. मालक भैयाजी अशा वेळी हटकून मागच्या खोलीत काहीतरी शोधायला जात. त्या दहा मिनिटांवर माझा उरलेला महिना जात असे.

फाल्गुनात ती गुरुवारीच आली. मी फिल्टर काढला, तोच तिने तो माझ्या हातातून घेतला आणि उजेडासमोर धरला. प्रत्येक घडीतून प्रकाश सारखा येत होता.

"चांगला आहे," ती म्हणाली.

"थोडी धूळ—"

"दर खेपेले चांगलाच राहते. मी पाहून राहिली नं." ती हसत नव्हती. "रविवारी भंडाऱ्याचे पाहुणे येऊन राहिले, मले पाहाले. बाबा म्हणतात, मनात कोणी असंन तर रविवारच्या आत सांग." तिने फिल्टर काउंटरवर ठेवला. "म्हणून विचारून राहिली. पुढच्या महिन्यात येऊ, का नको?"

मागच्या खोलीतला भैयाजींचा रेडिओ बंद झाला. मी त्या कागदी घड्यांकडे पाहत राहिलो. तिने मला विचारले होते... आणि मी फिल्टरच्या वतीने उत्तर दिले. पाच महिन्यांत प्रथमच खरे बोललो, तेही नको त्या गोष्टीविषयी.

"तीन महिने याले काही होत नाही," मी म्हणालो. "यायची गरज नाही."

तिने मान हलवली, अगदी सावकाश.

"फिल्टरचं मले माहीत होतं."

मी फिल्टर बसवून दिला. स्क्रू सगळे नीट घट्ट केले. एका किकमध्ये गाडी सुरू झाली, कुठे अडखळली नाही. इतकी चांगली मीच ती ठेवली होती.

भैयाजी बाहेर आले आणि रिकाम्या दाराकडे पाहत उभे राहिले. "काहून गा आयुष," ते म्हणाले, "गाडीचं सारं समजते तुले. बाकीचं समजावाले कोण येईन?"

मी त्यांना सांगितले, की ती कामावर जाता जाता थांबायची, एवढेच. हेच मी पाच महिने स्वतःलाही सांगत आलो होतो. पण मी जन्मापासून याच भागात राहतो. उमरेडहून येताना दिघोरीला उजवीकडे वळले, की रिंग रोड सरळ कळमन्याला जातो. नंदनवन त्या वाटेवर लागत नाही.