मानेने नाही

ओस्तिया बंदरातल्या दोरवाल्यांच्या गल्लीत टास्गिलसचा धक्का लागला आणि नुमिसियाच्या हातातले गरम हरभरे रस्ताभर झाले. तो ओशाळला. कोपऱ्यावरून ताजे हरभरे आणून त्याने तिच्यापुढे धरले. तिने हनुवटी वर उचलली, भुवया चढवल्या आणि जिभेने हलकेच 'च्च' केलं. बंदरातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं की हे 'नको' आहे. पण टास्गिलस काकाची दारूची पिंपं घेऊन नुकताच परक्या गॉल देशाहून उतरला होता. त्याला वाटलं, ही वर बघायला सांगतेय. त्याने वर पाहिलं... आणि तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरीचं पाणी टपकन त्याच्या डोळ्यात पडलं.

नुमिसिया हसली. तिथेच घोटाळा झाला.

त्यानंतर काकाच्या नावेला रोज नवा दोर लागू लागला. नुमिसियाच्या वडिलांचं दोरांचं दुकान, त्यामुळे ते खूश होते. एका नावेला इतके दोर लागत नाहीत, हे त्यांच्याखेरीज सगळ्या गल्लीच्या लक्षात आलं होतं. येताना टास्गिलस काहीतरी आणायचा – कधी आलुबुखार, कधी अंजीर – आणि नुमिसियाची मान वर जायची.

"ह्याला काही नाव आहे का?" एकदा त्याने तिच्यासारखीच मान उडवून विचारलं.

"अब्नुओ. मानेने नाही म्हणणं."

"आणि तोंडाने म्हटलं तर?"

"मग नोलो. मला नको."

"दोन्ही एकच की."

"एकच कसं? वर गेलेली मान खाली आणता येते. तोंडातून गेलेलं... गेलं."

"ते नोलो कोणाला म्हणाली आहेस कधी?"

"अजून तरी नाही."

"मग आशा आहे," असं म्हणून तो फळीवर अंजीर ठेवून गेला. तो वळणापलीकडे दिसेनासा झाल्यावर तिने ते खाल्लं. तिचं त्याच्यावर प्रेम बसलं होतं, आणि हे तिला अंजीर संपायच्या आत कळलं.

नेमकं त्याच आठवड्यात वडिलांनी तिचं लग्न ठरवलं. मुलगा धान्याच्या व्यापाऱ्याचा, नाव ट्रेबियस. त्याला नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं, हीच मोठी पंचाईत. वाङ्निश्चयाच्या सकाळी आत्या तिचे केस विंचरत होती. पोरीचा चेहरा पाहून तिला काय समजायचं ते समजलं.

"आपल्यात मुलीला विचारत नाहीत, बाई," आत्या म्हणाली. "प्रश्न बापाला, उत्तर बापाचं. तू गप्प बसलीस की तुझं हो धरलं. नको असेल तर तुलाच अडवायला हवं, तेही अंगठी बोटात जायच्या आत."

नुमिसिया पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर पडली. टास्गिलस पाणवठ्याच्या कारंज्यापाशीच होता. तिने सगळं सांगितलं.

"तुझ्या बापाशी भांडू शकतो मी," तो म्हणाला. "पण तुझं 'नाही' तुझ्याऐवजी मला म्हणता येणार नाही..."

ओसरीवर पाहुणे जमले. मध घातलेली दारू फिरली. ट्रेबियसने रिवाजाप्रमाणे वडिलांना विचारलं, मुलगी देण्याचं वचन देता का? नुमिसियाने हनुवटी वर उचलली. चांगली ताठ, आढ्याकडे डोळे लागतील इतकी. पण वडील बघत होते जावयाकडे, आणि पाहुण्यांनी शहाण्या माणसांसारखं आपापल्या पेल्यात पाहिलं. लोखंडाची अंगठी पुढे आली. वडिलांनी वचनासाठी तोंड उघडलं.

"नोलो," नुमिसिया म्हणाली.

आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. तिकडे कोणाच्या तरी हातून पळी पडली.

"खोट काय आहे त्याच्यात?" वडील पांढरेफटक पडले होते.

"खोट काही नाही, बाबा. मला नको."

एवढ्या कारणावर मुलीचं चालत नाही, असं एक म्हातारा पाहुणा म्हणाला, आणि कायद्याने ते खरंही होतं. पण ट्रेबियसने अंगठी मुठीत मिटली. चारचौघांत नको म्हणणारीबरोबर आपल्याला जन्म काढायचा नाही, असं तो शांतपणे म्हणाला आणि उठला. माणूस चांगलाच होता.

वडिलांनी अबोला धरला. पुढे एका संध्याकाळी दोर गुंडाळता गुंडाळता त्यांनी एवढंच विचारलं, "एवढा आवाज इतकी वर्षं कुठे ठेवला होतास?" मग त्या गॉलवाल्याला उद्या दुकानात बोलाव, म्हणाले. दोरांचं गणित त्यांनाही सुटलं होतं.

टास्गिलस आला तो गरम हरभरे घेऊन. आत वडील खोकले आणि मुद्दाम मागच्या खोलीत गेले.

"माझ्याशी लग्न करशील?" त्याने हरभरे पुढे धरले.

नुमिसिया काही बोलली नाही. त्याने एकदा भीत भीत वर पाहिलं. तिथे छपराखेरीज काही नव्हतं.

"जी 'नाही' म्हणत नाही, तिचं 'हो' धरतात... तुमच्याकडे असंच आहे ना?" त्याने विचारलं.

तो तिच्या हनुवटीकडे बघत राहिला. ती तसूभरही हलली नाही. मग तिने हात पुढे केला आणि एक हरभरा उचलला.