दुकान वाढवलं

नांदूरघाटला पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते, आणि माझ्या मनगटावरच्या घड्याळात सकाळचे साडेआठ. कॅलगरीत आणि गावात साडेबारा तासांचं अंतर. दिवसाची रात्र होते आणि वर अर्धा तास उरतो. तो कुठं ठेवायचा, हे मला अकरा वर्षांत कळलेलं नाही.

मार्गशीर्षात पडू नये तसा पाऊस पडत होता. बारीक, गार, बेवारस. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं. दारोदार कुलपं, आणि कुलपांवरून गळणारं पाणी. बसस्टँडसमोर पंडितकाकांचं हॉटेल तेवढं उघडं होतं.

"आला का बे, कॅनडा!" काकांनी चहाचा ग्लास पुढं सरकवला. मग त्यांचा आवाज उतरला. "आज चौथा दिस हाय. सांजच्याला आप्पा हितंच च्या पिले, म्हन्ले, जरा दुकानात जाऊन येतो. मंग कुणाला दिसलेच न्हाईत."

आप्पा, म्हणजे माझे वडील बसप्पा. वय त्र्याहत्तर. त्यांच्यासाठीच मी दोन विमानं आणि एक टॅक्सी करून आलो होतो. माझी धाकटी बहीण रुद्राणी आणि तिचा नवरा केज, अंबाजोगाई, बीडचे दवाखाने पालथे घालत होते. मला तिनं एकच काम नेमून दिलं होतं. "तू दुकानातच नीज, दादा. शटर उघडं ठिव. आले तर कुणीतरी असाया पायजे."

"दुकानात शोधलं का नीट?" मी काकांना विचारलं. "आता मोठं झालंय ना ते? पाडव्याला आप्पाच फोनवर म्हणाले, दुकान वाढवलं."

काकांनी हातातली किटली खाली ठेवली. मग हसले, पण हसू तोंडाच्या एकाच बाजूला आलं.

"अरे येड्या, वाढवलं म्हंजी बंद केलं! बांगडी फुटली म्हनत न्हाईत, वाढवली म्हनतेत. तसंच दुकानाचं. वाण्याचा पोरगा ना बे तू? चौदा फुटाची खोली ती, तीनदा बघितली आमी. उंदीर बी दडायचा न्हाई."

पाडव्याच्या त्या फोनवर मी म्हणालो होतो, "अभिनंदन, आप्पा! किती फूट वाढवलं?" मग आप्पा म्हणाले होते, "लई. आत आल्यावर कळंल तुला." पन्नास वर्षं चालवलेलं दुकान माणसानं बंद करावं, आणि त्या दिवशी पोरानं अभिनंदन करावं. त्यांनी माझी चूक सुधारलीही नाही. गिळली.

शटर वर केलं. आमचं दुकान दोरांचं. कासरे, दावी, सोल, तोडणीवाल्यांसाठी ताडपत्र्या. आता फळ्या रिकाम्या होत्या, भिंतीतल्या खिळ्यांवर काही नव्हतं. पण अंबाडीचा तो वास होता, ओल्या गवतासारखा, किंचित आंबूस. आई होती तोवर तिच्या पदराला हाच वास यायचा. दारात बसून ती पेड वळायची आणि गुणगुणायची:

दोर वळते अंबाडीचा, पीळ देते गं हाताचा
लेक चालला दूरदेशी, थांग लागंना वाटेचा

मी कॅलगरीत जुनी घरं मोजतो. दुरुस्तीआधीचे नकाशे काढणं हे माझं काम. लेझरचं मोजयंत्र पिशवीत होतंच. कशाला कोण जाणे, शटरपाशी उभं राहून मी लाल ठिपका मागच्या भिंतीवर टाकला. चार पूर्णांक सत्तावीस मीटर. चौदा फूट. काकांचं बरोबर होतं.

दहाला लाईन गेली. बाजेवर पडलो, पण अंगातला सूर्य मावळेना. डोळे मिटले की विमानाची घरघर, उघडले की पत्र्यावरचा पाऊस. मध्येच मी कॅलगरीत होतो आणि कामाला उशीर झाला होता. मध्येच आठ वर्षांचा होतो. घड्याळात बघितलं तर दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. म्हणजे रात्रीचे दोन चाळीस. मी हिशेब दोनदा केला, दोन्ही वेळा वेगळा आला.

तेव्हा ऐकू आलं.

"लाभ."

मग दोर घासल्याचा आवाज.

"दोन." घासणं. "तीन."

आप्पा मोजताना एक म्हणत नसत, लाभ म्हणत. फुटानंही मोजत नसत, वावेनं मोजत. दोन्ही हात फाकवले की एक वाव. आवाज मागच्या भिंतीकडून येत होता.

"आप्पा?" मी उठून बसलो. "कुठं होता तुम्ही?"

मी मोबाइलची बॅटरी लावली. उजेड फळ्यांवरून घसरत आत गेला आणि परत आला नाही. भिंत असायला हवी होती तिथं त्याला काहीच लागलं नाही.

झोप न झालेल्या माणसाच्या डोळ्यांचा भरवसा नसतो. मी यंत्र काढलं. सहा पूर्णांक नव्वद. बॅटरी उतरली असेल म्हणून पुन्हा दाबलं. अकरा पूर्णांक चाळीस. तिसऱ्यांदा आकडाच आला नाही, नुसत्या रेघा.

मी चालत गेलो. सात पावलांत संपणारं दुकान सातव्या पावलाला संपलं नाही. दहाव्या पावलावर फळ्या भरलेल्या होत्या. गुंडाळलेले कासरे, नवेकोरे, तेल दिलेले. बाहेरचा पाऊस आता शेजारच्या गावात पडल्यासारखा ऐकू येत होता.

"आलास व्हय," अंधार म्हणाला. आवाज आप्पांचा. "टोक धर."

लहानपणी हेच माझं काम होतं. गिऱ्हाईक आलं की आप्पा हाक मारायचे, मी टोक धरून उभा राहायचो, आणि ते मोजत मोजत लांब जायचे. सुटलं टोक की मोजणी पहिल्यापासून, आणि वर टपली.

"आप्पा, आधी उजेडात या. रुद्राणी रडतेय तिकडं."

"कावून रडती? धर की."

माझ्या तळव्याला काहीतरी टेकलं. खरबरीत, ऊबदार. हात लांबवल्याचं मला आठवत नाही. बोटं मिटली, एवढं आठवतं.

"लाभ," आतून आवाज आला. समाधानानं.

"किती मोजायचाय, आप्पा?"

"दोन. तीन. गिऱ्हाइकाला लागंल तेवढा. चार."

"गिऱ्हाईक कोण?"

मोजणं पुढं गेलं. नऊ. दहा. आवाज लांब जात होता, आणि दर वावेला दोराला एक लहानसा हिसका बसत होता. मला बरं वाटत होतं, हे मी लपवत नाही. आप्पा सापडले होते. अभिनंदनाबद्दल माफी मागायची होती, तिची मी मनात वाक्यं जुळवत होतो.

दोनशेबाविसाव्या वावेला फोन वाजला. रुद्राणी.

"दादा, सापडले!" तिला हुंदका आवरत नव्हता. "नेकनूरच्या फाट्यावर, एसटीच्या निवाऱ्यात बसल्यालते. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं बघितलं. आमी जवळच होतो, आत्ता पोचलो. बरे हायती. हात तेवढे सोलून निघालेत, लई वळ हायती. घे, बोल."

श्वास ऐकू आला. मग तोच आवाज. थकलेला, फोनमधला.

"महांतेश. कुठं हायस तू?"

मी फोन कानाला घट्ट दाबला.

"दुकानात, आप्पा."

फोनमधून पाऊस ऐकू येत होता. तिकडचा.

"मला धरायला लावलतं," ते हळू म्हणाले. "टोक. मी हाक वळखली, तुज्या आईचा आवाज हुता. चार दिस उभा हुतो. लई सोडाया बघितलं. दुसऱ्यानं धरल्याबिगर सुटतच न्हाई ते. आन मघाशी आपसूक सुटलं, डोळं उघडलं तर हितं फाट्यावर."

मी मूठ उघडायला गेलो. बोटं हलली नाहीत.

"पोरा." आता त्यांचा आवाज कापत होता. "तू काई धरलं न्हाईस ना हातात? धरलं आसशील तर सांग. मी येतो. मी धरतो परत, मला सवय हाय."

आतलं मोजणं थांबलं होतं. कुणीतरी ऐकत होतं.

"न्हाई, आप्पा," मी म्हणालो. "रिकामे हायती हात. तुमी निजा आता."

त्यांनी सुस्कारा सोडला. रुद्राणीनं फोन घेतला, काहीतरी बोलली, ठेवला.

दोर हळूच ताणला गेला, झोपलेल्या लेकराला जवळ ओढून घ्यावं तसा. आणि माझ्या कानाशी, अगदी कानाशी, कुणीतरी आईच्या आवाजात म्हणालं, "शाना हाय माजा."