एकशे त्रेचाळीस महिने

ती रांग पेन्शनची आहे हे रकानला चाळीस मिनिटांनी कळलं.

मे महिन्यातला शुक्रवार होता. बाहेर धुळीचं वादळ उठलं होतं आणि सालमियाच्या रस्त्यांवर दुपारी चारलाच गाड्यांचे दिवे लागले होते. कुवेतमधल्या जॉर्डनी मंडळाच्या सभागृहात दोन टेबलं मांडली होती. एका टेबलावर स्वातंत्र्यदिनाच्या जेवणाची, म्हणजे मटण-भाताच्या मनसफची, तिकिटं विकायला होती. दुसऱ्यावर अम्मानहून आलेला सामाजिक सुरक्षा कार्यालयाचा अधिकारी बसला होता. परदेशात नोकरी करणाऱ्यांनी मायदेशातल्या पेन्शनसाठी आपणहून दरमहा हप्ता भरावा, म्हणून तो नावं नोंदवून घेत होता.

“मनसफचं ताट किती दिनारला?” रकानने पुढच्या बाईला विचारलं.

ती वळली. डोक्यावरच्या राखी रुमालावर धुळीची बारीक पूड बसली होती, पापण्यांवरसुद्धा. “या रांगेत मटण मिळत नाही,” ती म्हणाली. “म्हातारपणी भाकरी मिळते.”

“म्हातारपणी? अहो, मी सकाळपासून उपाशी आहे.”

“मग शेजारच्या रांगेत जा.”

त्याने शेजारी पाहिलं. तिथे साठेक माणसं होती. इथे त्याच्यापुढे आता ती एकटीच. “नको,” तो म्हणाला. “इथली सोबत बरी आहे.”

“करकचे का तुम्ही?”

“कशावरून?”

“चुकीच्या रांगेत एवढ्या ऐटीत करकचाच माणूस उभा राहू शकतो.”

“आणि ओळख नसताना एवढं टोचून अजलूनचीच बाई बोलू शकते.”

ती हसली नाही. पण पुन्हा पुढे वळायला तिने जरा जास्तच वेळ घेतला... आणि ती अजलूनचीच होती, जॉर्डनच्या उत्तरेकडच्या डोंगरातली; तो दक्षिणेकडच्या करकचा.

तिचं नाव नुहा. वय चौतीस, एका खासगी शाळेत फिजिक्स शिकवायची. ती बँक खात्याचा बदललेला नंबर कळवायला आली होती. अधिकाऱ्याने संगणकात पाहिलं आणि चष्मा वर केला. “एकशे एकोणतीस महिने. एकही खाडा नाही. मिस, तुमच्यासारखी माणसं दोन दिवसांत मला तीनच भेटली.”

मागे उभ्या रकानने ते ऐकलं. तो हवल्लीतल्या एका दवाखान्यासाठी कृत्रिम दात बनवायचा. “दिवसभर लोकांच्या म्हातारपणाची सोय करतो,” तो म्हणाला, “स्वतःची केलीच नाही. मिस, तुमचं पेन मिळेल?”

त्याने तिथेच अर्ज भरला. मोबाइल नंबराच्या रकान्याशी तो थांबला, तोच नंबर एका चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठी पेनाच्या टोपणात खोचून पेन तिला परत दिलं. “हप्ता कसा भरायचा विसरलो तर... कुणाला तरी विचारायला हवं ना?”

“अधिकाऱ्याला विचारा.”

“तो उद्या जाणार.”

नुहाने चिठ्ठी फेकली नाही.

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला तिनेच दोन शब्दांचा निरोप पाठवला: “भरलात का?” त्याचं उत्तर लगेच आलं, जणू फोन हातात धरूनच बसला होता: “विसरलो नव्हतो. कुणी विचारतंय का, याची वाट पाहत होतो.”

मग दर पाच तारखेला संध्याकाळी दोघं समुद्रकाठच्या बाकावर बसू लागले. आपापल्या फोनवरून आधी हप्ता भरायचा, मग कागदी पेल्यातला पुदिन्याचा चहा. कुवेतचा उन्हाळा अंगाची लाही करत असे, वारा आला तरी तो भट्टीतून आल्यासारखा. रकान बोलत राही... दातांविषयी, आईविषयी, करकच्या किल्ल्याखालच्या गल्लीत लहानपणी मोडलेल्या हाताविषयी. नुहा ऐकायची, मधूनच एखादं वाक्य असं टाकायची की तो चहा सांडायचा.

“एक विचारू?” चौथ्या पाच तारखेला तो म्हणाला. “एवढ्या वयात म्हातारपणाची एवढी घाई का?”

ती समुद्राकडे वळली.

“बाबा इथेच ट्रक चालवायचे. बावीस वर्षं. दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षीपासून हप्ता सुरू करू. ते पुढचं वर्ष आलंच नाही. बाबा गेले आणि आईच्या हातात काहीच उरलं नाही. औषधाच्या पैशांसाठी ती काकांकडे जायची. काकांनी तिला कधी नाही म्हटलं नाही हं. फक्त... त्यांचा चहा संपेपर्यंत दाराशी बसवून ठेवायचे. मी पाहायचे. काका चहा फार हळू पितात.”

रकानने तोंडाशी नेलेला पेला खाली ठेवला.

“पहिला पगार झाला त्याच महिन्यात नाव नोंदवलं,” ती म्हणाली. “मधे दोन स्थळं आली. दोन्हींकडून एकच प्रश्न आला: लग्न करून नोकरी सोडणाऱ्या बाईला भरलेली रक्कम एकदम काढून घेता येते ना? एकाच्या आईने तर त्या पैशांतून यायचं कपाटसुद्धा पसंत करून ठेवलं होतं, सहा दारांचं. मी म्हटलं, कपाटाशीच लावा लग्न.”

रकान हसला नाही. “मला कपाट नको,” तो हळूच म्हणाला. “माझे चार शर्ट आहेत. खिळ्यावर मावतात.”

“ही मागणी आहे का?”

“नाही. मागणी नीट घालीन. करकहून माणसं आणीन. ही फक्त... चौकशी.”

“मग चौकशी करत राहा,” ती म्हणाली. त्या संध्याकाळपासून ती त्याला ‘तू’ म्हणायला लागली.

पुढच्या जुलैत दोघं सुट्टीवर मायदेशी गेले. एका गुरुवारी करकहून तेरा गाड्या अजलूनच्या डोंगरावर चढल्या. मागणी घालायला चाळीसेक पुरुष आले होते. त्यांचे म्होरके होते अबू हाबिस, रकानच्या आजोबांचे धाकटे भाऊ, फौजेतून निवृत्त झालेले. नुहाच्या बाजूने बोलणार होते तिचे काका, अबू सखर. बायका आतल्या खोलीत होत्या. दार अर्धवट उघडं होतं आणि नुहा दारामागे उभी होती, अंगावर आईने स्वतः शिवलेला हिरवा झगा.

सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. कॉफीचे छोटे पेले फिरले. अबू हाबिस यांनी आपला पेला न पिताच समोर ठेवला. मागणी मान्य झाल्याशिवाय पाहुण्यांनी कॉफी प्यायची नसते. त्यांनी मुलीचा हात मागितला. काका उठले, घसा साफ केला.

“कॉफी घ्या, पाहुणे. तुम्ही ज्यासाठी आलात ते तुम्हाला दिलं. आणि ऐका! आमची मुलगी रिकाम्या हाताने यायची नाही. अकरा-बारा वर्षं तिने पेन्शनला पैसे भरलेत. ते सगळे काढून ती तुमचं घर सजवेल. झोपण्याची खोली, बैठक, सगळं. हा अबू सखरचा शब्द!”

“वाह! वाह!” बैठकीतून आवाज उठले.

काकांनी नुहाला विचारलं नव्हतं, आईलाही नाही. आणि चाळीस पाहुण्यांसमोर दिलेला शब्द मागे घेणं म्हणजे काकांनी गावात तोंड लपवून फिरणं. आई पुटपुटली, “अगं, मी फक्त कौतुकाने सांगितलं होतं गं त्यांना... माझी पोर किती शहाणी म्हणून...”

बाहेर अबू हाबिस यांनी पेला उचलला आणि संपवला. मग सगळ्यांनी घेतला. पेले रिकामे झाले, खाली ठेवले गेले. एक सोडून.

रकानचा पेला भरलेलाच होता.

नवऱ्या मुलाने अशा बैठकीत मान खाली घालून बसायचं असतं. बोलायचं नसतं. कॉफी वाढणारा त्याच्यासमोर किटली धरून उभा राहिला, मग अबू हाबिसकडे बघू लागला. बाकीचेही वळून बघू लागले.

“पोरा, कॉफी घे,” काका म्हणाले.

“नाही काका.”

“नाही? अरे, मुलगी दिली! आता आणखी काय हवं तुला? गाडी?”

“काहीच नको. तुम्ही देताय तेच नको आहे. ते महिने तिचे आहेत. ते तिच्याच नावावर राहिले तर मी कॉफी घेईन.”

काकांचा चेहरा लाल झाला. “माझा शब्द पडला आहे!”

“शब्द तुमचा, महिने तिचे. मला विचारू नका, काका. जिचे आहेत तिला विचारा.”

असं त्या बैठकीत कुणी कधी ऐकलं नव्हतं. एकाने “अस्तगफिरुल्लाह” म्हणत देवाची क्षमा मागितली, दुसरा खोकला. नुहाने आईकडे पाहिलं. आईने दार पूर्ण उघडलं.

नुहा उंबऱ्यात आली. चाळीस लाल चौकड्यांचे रुमाल तिच्याकडे वळले. तिने फक्त एकाकडे पाहिलं, मग काकांकडे.

“काका, तुमच्या शब्दाचा मान आहे. पण एकशे त्रेचाळीस महिने भरून झालेत. पेन्शन मिळायला सदतीस उरलेत. ते मी भरणार आहे, लग्नानंतरही. यातला एक महिनाही मी काढणार नाही. कपाटासाठी नाही, बैठकीसाठी नाही, कुणाच्या मानासाठीही नाही. आईसारखं मला कुणाच्या दाराशी बसायचं नाही.”

शेवटचं वाक्य काकांना लागलं. त्यांनी आईकडे पाहिलं, बहुधा कित्येक वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं.

तेवढ्यात अबू हाबिस काठी टेकून उठले. “अबू सखर, मी फौज सोडून एकतीस वर्षं झाली. दर महिन्याला पेन्शन येते. सहा सुना आहेत मला, एकीपुढेही हात पसरलेला नाही. म्हणून तर सगळ्या माझ्याशी गोड बोलतात!” हशा उसळला. “या मुलीने ते माझ्यापेक्षा लहान वयात ओळखलं. घर आमचा मुलगा सजवेल. आणि तुमचा शब्द मोडत नाही. आम्ही पाहुणे आहोत, आम्हीच तो तुमच्याकडून मागून घेतो. पाहुण्याला नाही म्हणाल?”

पाहुण्याला नाही म्हणणं काकांना शक्यच नव्हतं. ते खाली बसले, मिशीवरून हात फिरवला, आणि मग आवाज चढवून म्हणाले, “दिला! आणि निकाहाच्या कागदावर लिहूनही घ्या, म्हणजे माझ्यानंतर कुणी पुन्हा तोंड उघडायला नको!”

रकानने कॉफी एका घोटात संपवली. आत बायकांचा असा जल्लोष झाला की डोंगराच्या उतारावरची कुत्री भुंकायला लागली. आई रडत होती आणि जल्लोषात तिचाच आवाज सगळ्यात मोठा होता.

रविवारी न्यायालयात काझींनी अट मोठ्याने वाचली. वधू आपले पेन्शनचे हप्ते भरत राहील, ते काढून घेण्यास तिला कुणीही भाग पाडणार नाही. “अशी अट मी प्रथमच लिहितोय,” ते म्हणाले आणि रकानकडे वळले. “तुम्हाला—”

“मान्य!”

“प्रश्न तर पुरा होऊ द्या.”

सह्या झाल्या. जिना उतरताना नुहा मधल्याच पायरीवर थांबली. खालून वर येणारी माणसं खोळंबली.

“रकान, एक सांगायचं राहिलंय.”

“आता काय? अजून एक अट?”

“माझं तुझ्यावर प्रेम आहे.”

त्याच्या हातातली फाइल जवळजवळ पडली. “चौदा महिने झाले, नुहा! चौदा महिने मी हे ऐकायला... आणि आज, इथे?”

“कागदावर सही झाल्याशिवाय मी काही कबूल करत नाही.”

“मग आता माझंही ऐक,” तो म्हणाला, आणि तेच शब्द त्याने इतक्या मोठ्याने उच्चारले की वरच्या मजल्यावरच्या कारकुनांनी कठड्यावरून माना बाहेर काढल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. खाली दाराशी उभा असलेला पोलीस दोन पायऱ्या चढून वर आला.

“मबरूक, मबरूक!” त्याने अभिनंदन केलं. “आता जिना मोकळा करा, तलाकवाल्यांना वर जायचंय.”