पोचा चोरीला गेला

"माझ्या गाडीचा पोचा चोरीला गेलाय," समोर बसलेल्या बाई म्हणाल्या.

मास्तरांना वाटलं, आपलेच कान गेले. बायको गेल्यापासून त्यांना घर खायला उठायचं, म्हणून हे निवृत्त चित्रकलामास्तर गुप्तहेर भिंगबाईंच्या मागेमागे हिंडत. भिंगबाई मात्र हसल्या नाहीत.

"डाव्या मडगार्डावरचा," बाई सांगू लागल्या. "आमच्या ह्यांनी गाडी फाटकावर आपटली तेव्हाचा. पुढच्याच आठवड्यात ते गेले. रोज संध्याकाळी मी त्या पोच्यावर हात ठेवून उभी राहते. इंजिन तेवढं अधूनमधून चालू करते, पण गाडी फाटकाबाहेर नेली नाही की कुणाला हात लावू दिला नाही. बहिणीकडे जाऊन आले, तर मडगार्ड गुळगुळीत! मला तो पोचा परत हवाय."

"ठोकून काढला असेल, तर आता कुठून आणायचा?" मास्तर पुटपुटले. बाईंचे डोळे भरून आले, तशी मास्तरांनी जीभ चावली.

अंगणात पांढरी गाडी उभी होती. काचा, कुलपं शाबूत. बाईंच्या किल्लीने दार उघडून भिंगबाईंनी आतला खटका ओढला आणि बॉनेट वर केलं. उजव्या मडगार्डाच्या बोल्टांवर रंग जसाच्या तसा होता, डावीकडच्या बोल्टांवरचा उडाला होता. बॉनेट खाली केल्यावर डावीकडची फट पुढे करंगळीएवढी दिसली. मागे नखही शिरेना.

कोपऱ्यावरचा डेंटिंगवाला ती फट पाहून भडकला. "हे माझं काम? अशी फट ठेवली तर गिऱ्हाईक उभं करील का मला?"

वरच्या मजल्यावरची भाडेकरू म्हणाली, "ती गाडी हलली तर माझी स्कूटर सावलीत येईल, खोटं कशाला बोलू? पण मला बॉनेट कुठून उघडतात तेही ठाऊक नाही. दुपारी ठोकठाक ऐकली, वाटलं डेंटिंगवाला असेल."

संध्याकाळी बाईंचा मुलगा आला. शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन एकटाच राहायचा. पाहुण्यासारखा फाटकाशीच उभा राहिला.

"एका पत्र्याचं एवढं काय, आई? चिखल साचून आतून चाळण झाली होती त्याची. पोचा तसाही गळून पडला असता."

"मग हा भंगारवाल्याचाच उद्योग!" मास्तर म्हणाले.

"मास्तर, भंगारवाला बदली मडगार्ड बसवून जात नाही," भिंगबाई म्हणाल्या. "बोल्ट उघडलेत, म्हणजे पोचा ठोकलेला नाही. अख्खं मडगार्ड बदललंय. जुनं कुठेतरी आहे. बसवणारा नवशिका, म्हणून डेंटिंगवाला सुटला. बॉनेटचा खटका आत आणि कुलपं शाबूत, म्हणजे किल्ली हवी, भाडेकरूही सुटली. दुसरी किल्ली कुणाकडे?"

"ह्याच्याकडे," बाई हळूच म्हणाल्या.

"आणि मडगार्डाची आतली बाजू, चिखल साचतो ती, ते उतरवल्याशिवाय नीट दिसत नाही. चाळण झाल्याचं ह्याला कसं कळलं?"

मुलाने मान खाली घातली. "चाकामागून गंजाचे पोपडे पडताना दिसले होते. विचारलं असतं, तर हात लावू दिला असतास?"

"नाही."

"धुतलं, गंज घासला, आतून रंग दिला. पोच्याला धक्का लावला नाही. परतच आणणार होतो गं, पण खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं आणि... बाबांचं माझ्याकडे दुसरं काहीच नाही."

बाई फाटकाशी त्याच्याजवळ गेल्या.

"तू वेगळा राहायला गेलास ना, तेव्हाचा तो पोचा आहे. तुझं सामान पोचवून बाबा परत येत होते. डोळ्यांत पाणी होतं, फाटक दिसलं नाही."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"मी तुझ्यावर रागावले होते." त्यांनी स्वतःची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "चल, दाखव कुठे ठेवलंयस. गाडी तू चालव."

गाडी फाटकापाशी क्षणभर थांबली आणि जपून बाहेर पडली. मास्तर रिकाम्या अंगणाकडे बघत राहिले.

"भिंगबाई, घरी जायची घाई आहे का?"

"माझी कोण वाट बघतंय?"

मग दोघंही लांबच्या रस्त्याने पायी निघाले.